बॅचचा सीपीयू मोजायला एसएमएफ टाइप ३० : काही महिन्यांच्या वापरानंतर

झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) रात्रीच्या बॅचचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबचा, हिशेब ठेवायला आम्ही वेगळं टूल विकत घेतलं नाही. एसएमएफ म्हणजे सिस्टिम स्वतःच ठेवते ती वापराची नोंद. तिच्या टाइप ३० रेकॉर्डवरच (जॉब आणि त्यातल्या स्टेप, म्हणजे टप्पे, यांच्या नोंदींवर) रिपोर्ट उभा केला आणि कित्येक महिने रोज सकाळी तोच आधी उघडतो. बॅच सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

डंप युटिलिटीने टाइप ३० वेगळे काढायचे आणि डीएफसॉर्टने (मेनफ्रेमच्या सॉर्ट प्रोग्रामने) जॉब, स्टेप, प्रोग्राम, टीसीबी आणि एसआरबी वेळ (सीपीयू वेळेचे दोन भाग: नेहमीच्या टास्कचा आणि सिस्टिमच्या सर्व्हिस रिक्वेस्टचा) उचलायची. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात असते. मॅन्युअलमधले ऑफसेट (रेकॉर्डमध्ये फील्ड कुठे आहे ते आकडे) शून्यापासून सुरू होतात, डीएफसॉर्टची पोझिशन मात्र एकपासून. म्हणून दर वेळी एक मिळवायचा. सबटाइपही (टाइप ३० मधले उपप्रकार) नीट निवडा. २ आणि ३ मध्ये इंटरव्हलचे (ठरावीक अंतराच्या तुकड्यांचे) आकडे, ४ मध्ये पूर्ण स्टेपचे, ५ मध्ये पूर्ण जॉबचे. सगळे एकत्र बेरजेत घेतले की तोच सीपीयू पुन्हा पुन्हा मोजला जातो. आम्ही फक्त ४ घेतो, कारण दुखणं कुठल्या स्टेपमध्ये आहे ते तिथेच कळतं.

खरा फायदा महिनाअखेरीला दिसला. व्याज आकारणीचा जॉब चाळीस मिनिटांवरून सव्वा तासावर गेला आणि सगळे कोबोल प्रोग्रामच्या मागे लागले. रिपोर्टमध्ये सीपीयू जवळपास तेवढाच होता! जॉब डेटासेट मोकळा व्हायची वाट बघत होता. शेड्यूल बदललं, प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. एलॅप्स्ड (घड्याळात गेलेल्या) वेळेवरून सीपीयूचा अंदाज बांधणं किती फसवं असतं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

झिपवर (ठरावीक प्रकारच्या कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरवर) गेलेली वेळ टीसीबीच्या आकड्यात येत नाही, ती वेगळ्या फील्डमध्ये असते. झिपला पात्र असूनही जनरल प्रोसेसरवर चाललेली वेळही वेगळी मिळते, आणि माझ्या लेखी हे फील्ड सोन्यासारखं आहे. ती वाढली की झिप अपुरे पडतायत का, हे लगेच तपासायला घ्यावं.

एकाच रनवर मात्र निकाल देऊ नका. तोच जॉब, तोच डेटा, तरी मशीनवर गर्दी असली की सीपीयू वाढतो, कारण कॅशमध्ये इतरांची कामंही घुसलेली असतात. आम्ही बऱ्याच रात्रींचा मध्यक धरतो. मशीन बदललं तर सेकंदांची तुलना सोडून सर्व्हिस युनिट (मशीनचा वेग धरून काढलेलं कामाचं माप) बघतो.

एक मर्यादा राहतेच. टाइप ३० ची बेरीज आरएमएफच्या (सिस्टिमची कामगिरी मोजणाऱ्या साधनाच्या) टाइप ७० मधल्या एलपारच्या (मशीनच्या एका तार्किक भागाच्या) आकड्यापेक्षा कमी भरते, कारण सिस्टिमचा काही वेळ कुठल्याच जॉबच्या नावावर चढत नाही. विभागवार खर्च वाटायचा असेल तर कॅप्चर रेशो (एकूण वेळेपैकी किती वेळ जॉबच्या नावावर चढला, त्याचं प्रमाण) लावावाच लागतो. ट्यूनिंगसाठी त्याची गरज आम्हाला अजून पडलेली नाही.