अमंग अस : संशय पायांवरून घ्यावा, तोंडावरून नाही

हा खेळ मला पुतण्यांनी शिकवला, आणि आता लॉबीचा (जिथे खेळाडू जमतात त्या खोलीचा) कोड पाठवताना तेच कुरकुरतात. काकी बोलत नाही, नुसती बघते, अशी तक्रार. बघायचंच तर असतं यात!

नवख्यांसाठी थोडक्यात: २०१८ साली आलेला, २०२०च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी पोचलेला खेळ. एका यानात ४ ते १५ जण. क्रूमेटनी, म्हणजे यानातल्या प्रामाणिक कामकऱ्यांनी, वायरी जोडायच्या, कार्ड स्वाइप करायचं, कचरा टाकायचा. त्यांच्यातच एक ते तीन इम्पोस्टर कामाचं सोंग घेऊन फिरतात आणि संधी साधून एकेकाला संपवतात. प्रेत सापडलं की सभा, भांडण, मतदान; सर्वाधिक मतं मिळतील तो यानाबाहेर. मोबाइलवर फुकट, जाहिराती सोसायच्या.

आंब्याच्या पेट्या संपून देवगडात पाऊस लागला की रात्री आमचा डाव बसतो. मी ओटीवर (रेंज तिथेच येते), पुतणे डोंबिवलीत, भाची रत्नागिरीच्या होस्टेलवर. खेळताना सगळे म्यूट; सभा लागली की व्हॉट्सॲप कॉलवर कल्ला. "तू खय होतस?" हा पहिला प्रश्न कायम आमच्या वन्संचा. उत्तर कुणीही दिलं तरी त्यांना ते पटत नाही.

बोलण्यावर जाणारे इथे हमखास फसतात. थोरला पुतण्या मुळातच चाचरत बोलतो, त्यामुळे निर्दोष असला तरी पहिल्याच सभेत यानाबाहेर. मी चालणं बघते. स्केल्ड नावाच्या यानाच्या नकाशावर कार्ड स्वाइपचं काम असलं तर सगळ्यांना असतं, नाहीतर कुणालाच नसतं. माझ्या यादीत ते नाही आणि कुणी ॲडमिन नावाच्या खोलीत त्या यंत्रापुढे उभं आहे, तर पुढे काही विचारायची गरजच नाही. इम्पोस्टरनी दिवे घालवले की क्रूमेटला पायापुरतंच दिसतं, इम्पोस्टरची नजर मात्र शाबूत राहते. म्हणून काळोखात जो लांबून वळण घेऊन नेमका तुमच्याकडेच येतो, त्याच्यापासून दूर पळावं. सगळ्यांची मिळून किती कामं झाली ते दाखवणाऱ्या वरच्या हिरव्या पट्टीवरही लक्ष ठेवावं: कुणी काम आटोपल्यासारखा निघाला आणि पट्टी हलली नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. पण वायरिंगसारखं टप्प्याटप्प्याचं काम शेवटच्या टप्प्यालाच पट्टी हलवतं, तेव्हा एवढ्यावरून कुणाला बाहेर फेकू नये. व्हेंटमधून (हवेच्या झरोक्याच्या चोरवाटेतून) निघाला तो इम्पोस्टर, हेही २०२१पर्यंतच खरं होतं. मग इंजिनियर ही नवी भूमिका आली. तो क्रूमेट असून व्हेंटमध्ये शिरतो.

यापलीकडचं कळतं ते माणूस ओळखीचा असला तरच. आमची भाची एरवी दिवे लावायला जागची हलत नाही. इम्पोस्टर झाली की सगळ्यांच्या आधी धावते, वर "मी लावले हां" म्हणून सांगते. या चांगुलपणावर मी तिला दरवेळी पकडते. तिला अजून कारण कळलेलं नाही, आणि ती मराठी काही वाचत नाही, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

सेटिंगमध्ये व्हिज्युअल टास्क (करताना इतरांना दिसणारी कामं) बंद ठेवा. मेडबेमध्ये (यानातल्या दवाखान्यात) स्कॅन करून दाखवला की माणूस सुटतो, मग डोकं कुठे चालवायचं? कन्फर्म इजेक्ट्सही बंद. फेकलेला खरंच इम्पोस्टर होता की नाही हे कळलं नाही, की पुढची सभा रंगते.

अनोळखी लोकांच्या लॉबीत जाऊ नका. इम्पोस्टर मिळाला नाही म्हणून निम्मे सुरुवातीलाच निघून जातात, उरलेले काही न बघता 'रेड सस' (लाल रंगवाला संशयित) टाइप करतात. तिथे एकच तारा, तोही रंगीत टोप्यांसाठी.

घरच्यांबरोबर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण पहिल्याच मिनिटाला मेलात तरी भूत होऊन उरलेली कामं उरकावीच लागतात. मेल्यावरही कामं करायची, तर मग घरात काय वाईट होतं?