टॉपिंग ई३० डॅक: काही महिन्यांच्या वापरानंतर

डॅक म्हणजे डिजिटल फाइलचं अँपला कळणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी. तो घेताना सगळी चर्चा आतल्या चिपवर होते. वापरायला लागल्यावर डोकं खातात त्या वायरी. ई३० बद्दल काही महिन्यांनंतर सांगण्यासारखं बरंचसं या डबीच्या बाहेरचं आहे.

डबी तळहाताएवढी. मागे यूएसबी, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियल असे तीन इनपुट, आउटपुटला आरसीएची (डाव्या-उजव्या बाजूच्या साध्या ऑडिओ सॉकेटची) एकच जोडी. हेडफोनचा जॅक नाही, बॅलन्स्ड आउटपुट नाही. सोबत रिमोट मिळतो. आत एकेएम या जपानी कंपनीची एके४४९३ ही डॅक चिप आहे. जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागली आणि चिपचा तुटवडा झाला. नंतर आलेल्या ई३० टू या मॉडेलमध्ये दोन एके४४९३एस चिप आहेत. वापरलेला जुना ई३० चांगल्या स्थितीत स्वस्त मिळत असेल तर तो बिनधास्त घ्यावा, हा फरक कानाला कळणारा नाही.

डेटाच्या यूएसबी वायरवर हा चालत नाही, ५ व्होल्टची वायर वेगळी लागते. अडॅप्टर सोबत येत नाही, पण मोबाइलचा साधा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर पुरतो. टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून वीज दिली तर टीव्हीबरोबर डॅकही बंद होतो. टीव्हीपुरताच वापर असेल तर ते सोयीचंच.

अँपला जोडताना सीडी किंवा ऑक्स इनपुट वापरा. फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, इनपुटला कधीच लावू नका. तिथे तबकडीवरच्या सुईच्या कार्ट्रिजचा अगदी बारीक सिग्नल शंभर पटीच्या आसपास वाढवला जातो, डॅकचा २ व्होल्टचा सिग्नल तिथे दिला की नुसता फाटलेला आवाज येतो. सरळ पॉवर अँप किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकर जोडायचे असतील तर आधी डॅकला प्री मोडवर (यात आवाज डॅकवरूनच कमी-जास्त होतो) घेऊन आवाज खाली आणा. डॅक मोडमध्ये आउटपुट कायम पूर्ण असतं आणि पहिल्याच गाण्याला स्पीकरची परीक्षा होते.

इंटिग्रेटेड अँपला, म्हणजे आवाजाचा नॉब आणि पॉवर अँप एकाच डब्यात असलेल्याला, मात्र वेगळी अडचण येते. बऱ्याच जुन्या अँपना लाइन इनपुटवर १५०–२०० मिलिव्होल्टमध्येच पूर्ण ताकद मिळते, त्यामुळे २ व्होल्ट दिल्यावर नॉब जरा हलवला की घर दणाणतं. नॉब इतका खाली असताना त्यातल्या पोटेन्शिओमीटरचे डाव्या-उजव्या बाजूचे दोन ट्रॅक सारखे चालत नाहीत. गायक मधोमध न राहता एका बाजूला सरकतो. याला उपाय म्हणजे डॅकला प्री मोडवर ठेवून आवाज १० ते १२ डेसिबल खाली घेणे. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, म्हणजे गेले दोन बिट. १६ बिटची फाइल चिपमध्ये त्याहून जास्त बिटांत हाताळली जाते, तेव्हा यात ऐकू येईल असं काही हरवत नाही.

आता हम, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण. डेस्कटॉप संगणक तीन पिनांचा, अँपही तीन पिनांचा, दोन्ही वेगळ्या सॉकेटवर, मध्ये यूएसबी आणि आरसीए वायरींची शील्ड (बाहेरची धातूची जाळी): अर्थची गोल बंद वाट, म्हणजे ग्राउंड लूप, तयार झाली. ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण तिथून येते. भर म्हणून केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर सेट-टॉप बॉक्समार्गे अँपपर्यंत आली असेल तर तिची शील्डही यात सामील होते. ओळखायचं कसं? अँप चालू ठेवून फक्त यूएसबी वायर काढा. हम गेला तर दोष संगणकाच्या बाजूचा. दोन पिनांच्या चार्जरवरचा लॅपटॉप असेल आणि चार्जर काढल्यावर हम जात असेल, तर तो चार्जरमधल्या कपॅसिटरचा गळका करंट आहे. लॅपटॉपच्या धातूला बोट लावल्यावर येणारी झिणझिणी त्याचीच.

सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. तरी भागलं नाही तर ऑप्टिकल वापरा. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, तांबं नाही, म्हणून वाट तुटतेच. अर्थची पिन कापून हम घालवणारे महाभाग आहेत. तो उपाय नाही, अँपच्या पत्र्याला विजेशी जोडण्याची तयारी आहे.

ऑप्टिकलला ९६ किलोहर्ट्झच्या वरच्या सॅम्पलिंग दराला (सेकंदाला किती नमुने) भरवसा धरू नका, १९२ ला काही वायरी तडतडतात. टीव्हीवरून ऑप्टिकल घेताना सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. डॉल्बीचा प्रवाह या डॅकला कळत नाही, चॅनेल बदललं की अचानक शांतता किंवा खरखर येते ती यामुळे.

लिनक्सवर आणि रास्पबेरी पायवर ड्रायव्हरशिवाय चालतो. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासूनही ड्रायव्हर न घालता ओळखला जातो. फूबार२००० या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजला मध्ये न घेता डॅकशी थेट जोडणारा पर्याय) निवडलं नाही तर विंडोज सगळं एका सॅम्पलिंग दराला वळवून पाठवतं. डॅकच्या डिस्प्लेवरचा आकडा बघा: सीडीची फाइल असेल तर ४४.१ हवं, ४८ दिसलं तर मध्ये कोणीतरी हात घातला आहे. अँड्रॉइडवर हे फार होतं. मधूनमधून टपटप आवाज आला तर आधी हब काढा, संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा, यूएसबीची वीजबचत बंद करा. वायर दीड-दोन मीटरची साधी, यूएसबी २ छापलेली पुरते. महागडीने काही बदलत नाही.

सॅम्पलिंग दर बदलताना डॅक क्षणभर गप्प होतो, म्हणून ४४.१ नंतर ९६ ची फाइल लागली की आलापाआधीचा तानपुरा कापला जातो. वेगवेगळ्या दरांच्या गाण्यांच्या यादीत हे त्रासदायक आहे. त्यावर इलाज म्हणजे यादी एकाच दराची ठेवणे.

वरचे स्वर कसे छाटायचे ते ठरवणारे डिजिटल फिल्टर सहा आहेत. फरक १८ किलोहर्ट्झच्या आसपास आणि वर, तेव्हा पहिला ठेवा आणि विसरा. आणि बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फाइली १९२ किलोहर्ट्झमध्ये शोधत बसू नका, त्या तबकड्यांची खरखरच १६ बिटच्या स्वतःच्या बारीक खरखरीपेक्षा कितीतरी वर असते.

दुसऱ्या डॅकशी तुलना करायची तर आधी दोन्हींच्या आवाजाची पातळी जुळवा. २०० हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा, १ टक्क्याच्या आत आणा. स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकतात, म्हणून २००. किंचित मोठा वाजणारा डॅक नेहमी ‘जास्त मोकळा’ वाटतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात आरसीएचे सांधे काळवंडतात आणि एका बाजूचा आवाज कधी कधी जातो. पावसाआधी आणि नंतर वायरी एकदा काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत घट्ट बसवा.