क्लॅम्प मीटर की मल्टिमीटर? कोकणातल्या घरासाठी काय घ्यावं

घरात एकच मीटर ठेवायचा तर क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) की मल्टिमीटर (प्रोब लावून व्होल्टेज वगैरे मोजणारा), हे आधी त्रास कशाचा आहे त्यावर ठरवा, पडवीतल्या एलईडीचा की विहिरीवरच्या पंपाचा, कारण दोघांच्या करंटमध्ये शंभरपट फरक आहे.

९ वॅटचा चांगला बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम ४० मिलीअँपिअर घेतो, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामाला लागतो ते) खराब असलेला स्वस्तातला ७०-८० घेईल. साध्या क्लॅम्पची ६०० अँपिअरची रेंज ०.१ अँपिअरच्या (१०० मिलीअँपिअरच्या) खाली वाचतच नाही, त्यामुळे बल्ब चालू असो की बंद, स्क्रीनवर शून्यच. फेजची वायर जबड्यातून दहा वेढे देऊन नेली तर आकडा दहापट येतो, मग दहाने भागायचं, पण त्यासाठी एकटी फेज मोकळी मिळायला हवी. फेज-न्यूट्रल एकत्र जबड्यात धरलं तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात, पुन्हा शून्य.

मग मल्टिमीटर? स्वस्तातल्या कित्येक मल्टिमीटरला एसी करंटची रेंजच नसते, आणि असली तरी वायर तोडून मीटर सिरीजमध्ये घालावा लागतो, तो उद्योग मेन्सवर घरी करू नका, आणि प्रोब अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहून गेला आणि तसाच व्होल्टेज मोजायला लावला की सरळ शॉर्ट होतो.

पण खरं सांगायचं तर एलईडीच्या दुखण्यात करंट मोजायची वेळ क्वचितच येते, तिथे व्होल्टेज बघायचं असतं. बटण बंद करूनही बल्ब मंद पेटत राहतो ना, तर बहुतेक वेळा बटण न्यूट्रलवर असतं नाहीतर बटणातच इंडिकेटर असतो. बटण बंद ठेवून टेस्टर होल्डरला लावा, ठळक फेज दिसला तर वायरमनकडून बटण फेजवर घ्या. लुकलुकत असेल तर आधी मेन बंद करून होल्डर उघडा, आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळाभर ओल, पितळी पत्त्यांवर हिरवट थर चढलेला असतो, स्प्रिंग गंजून दबलेली असते, आणि लोक मात्र बल्बवर बल्ब बदलत बसतात. होल्डर स्वच्छ असूनही एकच बल्ब लुकलुकतो तर त्याचा ड्रायव्हर (बल्बच्या आतलं सर्किट) गेला समजा. सगळं घरच कमीजास्त होतंय तर लूज न्यूट्रलचा संशय घ्या आणि लगेच वायरमनला बोलवा, थ्री फेज असेल तर वाटच बघू नका, न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढू शकतं.

डिजिटल मीटर मेलेल्या वायरवरसुद्धा ५०-६० व्होल्ट दाखवतो, बाजूच्या चालू वायरमुळे, म्हणून मीटरमध्ये लो-झेड मोड (थोडा करंट ओढून असलं खोटं व्होल्टेज घालवणारा) असेल तर उत्तम, नसेल तर जुना पिवळा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प ठेवा.

पंपाला मात्र क्लॅम्पच. १ एचपीचा सिंगल फेज पंप साधारण ५-६ अँपिअर घेतो, तो ठीक चालत असताना आकडा भिंतीवर लिहून ठेवा. वाढला तर व्होल्टेज पडलंय किंवा मोटर जाम होतेय, बराच कमी झाला तर बहुतेक पंप पाणीच खेचत नाहीये.

माझं मत, बाग-विहीर असेल तर व्होल्टेजचे प्रोबही असलेला, ट्रू आरएमएस (वेव्ह वेडीवाकडी असली तरी नीट मोजणारा) आणि कॅट-थ्री (घरच्या वायरिंगवर वापरायची सुरक्षा श्रेणी) लिहिलेला क्लॅम्प घ्या, दोन्ही कामं भागतात, एलईडीचा करंट सरळ साइन वेव्ह नसतो त्यामुळे साधा मीटर तो चुकीचा वाचतो. नुसते दिवे-पंखे असलेल्या घराला चांगला मल्टिमीटर पुरे.