क्रँकच्या नावाखाली चाकाचे बेअरिंग

साताऱ्यात महामार्गालगतच्या एका गॅरेजने माझ्या 125 सीसी मोटारसायकलचे इंजिन न उघडताच क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या, इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या) कामाचे साडेअकरा हजार रुपये घेतले. इतरांच्या बाबतीत असे घडू नये म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

गाडी पन्नासच्या पुढे गेली की घरघर सुरू होई आणि फूटरेस्ट पायाला मुंग्या येतील इतके थरथरत. पावसाळा नुकताच सरला होता. मिस्त्रीने गाडी रस्त्यावर चालवून पाहण्याची तसदी घेतली नाही. मेन स्टँडवर लावून स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला व मूठ कानाला लावली, रेस दिली, मग मलाही ऐकायला लावले आणि "क्रँकचं बेअरिंग गेलंय, अशीच चालवलीत तर कनेक्टिंग रॉड तुटेल" असे सांगितले. (स्क्रू ड्रायव्हरमधून धडधाकट इंजिनसुद्धा खडखडतच ऐकू येते, पण पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येण्यास तेवढे पुरते.) गाडी परत मिळाली तेव्हा घरघर खरोखरच थांबलेली होती, त्यामुळे संशयाला जागा उरली नाही. जुने बेअरिंग मागितल्यावर तेही कागदात गुंडाळून देण्यात आले. पक्के बिल मात्र "उगाच जीएसटी कशाला भरता" म्हणून टाळले गेले.

पुढे क्लचप्लेट बदलण्यासाठी कोरेगावच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली, तेव्हा खरा प्रकार बाहेर आला. क्रँकचे बेअरिंग बदलायचे म्हणजे इंजिन फ्रेममधून उतरवावे लागते, हेड, सिलिंडर, क्लच, मॅग्नेट असे सगळे काढून दोन्ही केस (इंजिनच्या बाहेरच्या कवचाचे दोन अर्धे भाग) वेगळ्या कराव्या लागतात. इथे इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवर पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला होता, क्लच कव्हरचे पॅकिंग जुनेच असून भाजल्यासारखे चिकटलेले होते, आणि पान्याच्या ताज्या खुणा होत्या त्या फक्त मागच्या ॲक्सलच्या नटावर. मी घरून ते जुने बेअरिंग आणून दाखवले. त्याच्या कड्यावर 6301 हा आकडा होता, म्हणजे आतले भोक 12 मिलिमीटरचे, माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मापाचे; क्रँकचा दांडा त्याहून बराच जाड असतो. शिवाय ते गंजलेले होते आणि त्याच्या एका बाजूला रबरी सीलचा तुकडा अडकलेला होता. क्रँकचे बेअरिंग सदैव इंजिन ऑइलमध्ये असते, त्याला असा गंज चढत नाही. चाकाच्या हबमध्ये पाणी शिरल्याने काही शे रुपयांचे बेअरिंग खराब झाले होते, ते गुपचूप बदलून पैसे क्रँकचे घेतले गेले.

त्या मिस्त्रींनी दाखवलेली तपासणी कोणालाही करता येते. मोकळ्या सरळ रस्त्यावर, आवाज येत असलेल्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबावा. इंजिन आयडलवर येऊनही आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला, तर दोष चाक, बेअरिंग, टायर किंवा चेनकडे शोधावा. एकाच वेगाला गिअर बदलून पाहिल्यावर आवाज बदलला, तर मात्र इंजिनकडे वळावे. नंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवावे, खेळ लागला तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश ढिले असण्याचा संभव असतो. चाक हाताने फिरवताना चेन एका ठिकाणी ताठ व दुसऱ्या ठिकाणी सैल होत असेल, तर चेन-स्प्रॉकेट झिजलेले असते. इंजिन उघडण्याचा सल्ला मिळाला, तर केस वेगळ्या होतील तेव्हा समोर हजर राहण्याची अट आधीच घालावी. ज्याला खरोखर काम करायचे आहे, त्याची त्याला हरकत नसते.

बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. माझ्या हाती बिल नसले तरी पैसे यूपीआयने दिल्याची नोंद होती. ती नोंद, ते बेअरिंग आणि न उघडलेल्या इंजिनाची छायाचित्रे घेऊन मी लेखी नोटीस पाठवली, तेव्हा गॅरेजवाल्याने "कामगाराकडून चूक झाली" असे म्हणत आठ हजार परत केले. उरलेल्या रकमेसाठी तक्रार दाखल करत आहे.