लेआउटची मोकळी जागा: लॉन, मियावाकी की सावलीची झाडं?

नागपूरच्या कुठल्याही लेआउटच्या (प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीच्या) सभेत मोकळ्या जागेचा विषय निघाला की तीन पक्ष पडतात. एकाला लॉन, गट्टूचा (पेव्हर ब्लॉकचा) वॉकिंग ट्रॅक आणि ग्रीन जिम हवी असते. दुसऱ्यानं मियावाकीचे, म्हणजे दाट लावलेल्या छोट्या जंगलाचे, व्हिडिओ पाहिलेले असतात. तिसरा म्हणतो, निंब-करंज लावा आणि मोकळे व्हा. (मंदिराचा चौथा पक्षही असतो, त्याला इथे बाजूला ठेवू.) गंमत अशी की तिघांच्याही डोळ्यांसमोर डिसेंबरातली बाग असते, आणि डिसेंबरात नागपुरात काहीही लावलं तरी हिरवंच दिसतं. पर्याय तोलायचे ते मे अखेरच्या नवतप्यात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत, म्हणजे संततधार पावसात.

हिशेबासाठी दहा हजार चौरस फुटांची जागा धरू, म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर.

आधी नवतपा. पारा ४५ च्या आसपास असताना विकतचं कार्पेट लॉन हिरवं ठेवायला चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे संपूर्ण जागेला रोज पाच हजार लिटर, अर्थात रोजचा एक टँकर. तेही अशा दिवसांत, जेव्हा लेआउटचा बोअर दम तोडत असतो आणि घराघरात कूलर पाणी पीत असतात. पेंच धरणाहून पिण्याचं पाणी शहरापर्यंत आणायचं आणि ते गवतावर ओतायचं, हे मला पटत नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, बागांना मात्र टँकरच लागतो. आणि एवढं करून दुपारी त्या लॉनवर उभं कोण राहतं? सावली नसली की हिरवं मैदानही सकाळी नऊनंतर ओस पडतं.

मियावाकीला पहिली दोन-तीन वर्षं पाणी लॉनच्याच जवळपास जातं. फरक इतकाच, की पुढे ते थांबवता येतं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात. आपल्या जागेत ती तीन हजारांच्या आसपास होतील. मीटरभर खोल माती उकरून त्यात शेणखत, तूस मिसळायचं, तो खर्च वेगळा. माझी खरी शंका मात्र खर्चाची नाही. मूळ कल्पना अशी की त्या जागी निसर्गतः जे जंगल वाढलं असतं, तेच वाढवायचं. नागपूरच्या भोवती तर सागाचं, पानगळीचं, विरळ जंगल आहे. पेंच किंवा बोरच्या जंगलात एप्रिलमध्ये जा, जमिनीवर ऊन पडलेलं आणि गवत वाळलेलं दिसेल. बारा महिने हिरवी, दाट भिंत ही इथली जात नव्हे. शिवाय झाडं प्रकाशासाठी भांडत सरळ उंच जातात, बरीचशी मरतात (पद्धतीत ते गृहीतच आहे) आणि आत कोणी बसू शकत नाही. मुलांचा चेंडू आत गेला की सापाच्या भीतीनं आई ओरडते, सहा महिन्यांत लोक कुंपणावरून कचरा टाकायला लागतात. रिंगरोडच्या बाजूची धूळ अडवायला किंवा नाल्याकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात मियावाकी लावा, तिथे ती शोभते. लेआउटच्या एकुलत्या एका मैदानावर नको.

सावलीची झाडं साडेसहा मीटर अंतरानं लावली तर याच जागेत वीस-बावीस बसतात. पहिले दोन उन्हाळे प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा चाळीस लिटर दिलं, तरी सगळी मिळून आठवड्याचे दोन हजार लिटर होत नाहीत. लॉनचे आठवड्याला पस्तीस हजार. खाली हरळी राहू द्या. मे महिन्यात ती तपकिरी होते, मरत नाही. पहिल्या पावसात पुन्हा उठते. तो तपकिरी महिना सभासदांना सहन होईल का, हे सभेतच विचारून घ्या, कारण टँकर सुरू होतो तो याच महिन्यात.

झाडाची जात मात्र कॅलेंडर बघून निवडा. निंब आणि करंज यांना ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी येते, म्हणून हवी तेव्हा सावली मिळते. पळस, बहावा सुंदर, पण उन्हाळ्यात ते फुलांचे, सावलीचे नाहीत; कडेला दोन-चार असू द्या. गुलमोहर मादागास्करचा, लाकूड ठिसूळ. मे महिन्यातल्या वादळात फांदी गाडीवर येते. नर्सरीवाला झटपट वाढतं म्हणून कोनोकार्पस देईल, तो घेऊ नका. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. आणि लावताना विचार करा, कारण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे पुढे झाड काढायला परवानगी लागते.

आता झड. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेवढ्या पावसाचं आपल्या जागेवर ९३ हजार लिटर पाणी पडतं. ते कुठे जाणार? गट्टू खाली काँक्रीट टाकून बसवले असतील तर थेट रस्त्यावर. नुसत्या रेती-गिट्टीवर बसवले तर थोडं मुरतं, म्हणून ट्रॅक करायचाच असेल तर ठेकेदाराला ही अट लेखी घाला आणि झाडाभोवती मीटरभर जागा उघडी सोडायला लावा.

याहून मोठा फरक पातळीनं पडतो. बहुतेक लेआउटमध्ये मैदान मुरूम टाकून रस्त्यापेक्षा उंच करतात. उलट करा. मैदान अर्धा फूट खाली ठेवलं तर त्यात सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे त्या पहाटेचा सगळा पाऊस. अडचण काळ्या मातीची. ओली झाली की ती फुगते आणि पाणी आत घेत नाही. डबकं आठवडाभर राहिलं तर डासांचं साम्राज्य. म्हणून सर्वांत खोलगट भागात मुरूम लागेपर्यंत चर खणून गिट्टी भरा, दोन दिवसांत पाणी उतरलं पाहिजे. त्या भागात अर्जुन, जांभूळ, करंज लावा. निंबाला ओल चालत नाही, तो कडेच्या उंचवट्यावर. लॉन आणि मियावाकी, दोन्हींच्या अंदाजपत्रकात मी या चराची ओळ क्वचितच पाहिली आहे.

देखभालीत तिसरा पर्याय फुकटचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये निंबाचा पाला पोत्यांनी पडतो आणि तो पेटवायचा मोह होतो. तोच तीन-चार इंच जाड थरानं आळ्यात पसरा, खोडाला न टेकवता. उरलेला खड्ड्यात कुजवा. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा कोवळी मुळं तोडतात, त्यांवर या थरासारखा उपाय नाही. लॉनला मात्र कापणी, तण, खत यांसाठी माळी कायमचा लागतो. वर्गणी वेळेवर येत नसेल, तर लॉन पहिल्याच वर्षी गाजरगवताला जागा करून देतं.

सभेचा कौल झाडांच्या बाजूनं गेला तर खड्डे एप्रिलमध्येच खणून तापू द्या, जुलैत काळ्या मातीत फावडं चिकटून बसतं. खड्ड्यात सगळी बाहेरची भुसभुशीत माती भरू नका; भोवतीच्या चिकण मातीमुळे तो बादलीसारखा भरून राहतो आणि मुळं कुजतात. तीच माती शेणखत मिसळून परत टाका, रोप जरा उंचवट्यावर लावा. रोप पाच-सहा फुटी घ्या आणि पिशवी फाडून बघा. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ते परत करा, नर्सरीवाला कितीही स्वस्त देत असला तरी.