आधी क्रोम की आधी स्टँडर्ड? साइट बनवायला घेताना काय धरावं

नवीन कामं घेणारी मुलं बऱ्याचदा विचारतात की सगळे क्रोमच वापरतात, तर क्रोममध्ये नीट दिसलं की बास ना, बाकीच्यांसाठी डोकं कशाला खपवायचं. मी दोन्ही पद्धतीने, म्हणजे फक्त क्रोम धरून आणि स्टँडर्ड (सगळ्या ब्राउझरांसाठी मिळून ठरवलेले वेबचे नियम) धरून, कामं केलीयेत म्हणून जे वाटतं ते लिहितो, एचटीएमएल आणि सीएसएस म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

क्रोम धरून काम करण्याचे फायदे खरेच आहेत. काम भराभर पुढे सरकतं, त्याची डेव्हलपर टूल्स मला अजूनही सगळ्यात सोयीची वाटतात, आणि क्लायंट स्वतः क्रोममध्येच बघणार असतो त्यामुळे पसंतीही लवकर मिळते. ऑपेरा २०१३ पासून आणि एज २०२० पासून आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच गाभा, आहेत, म्हणजे एकात तपासलं की तिघांचं काम झालं. बजेट छोटं आणि मुदत जवळ असेल तर असं करणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

स्टँडर्ड धरून चाललं की सुरुवातीला वेळ जातो. एखादी गोष्ट ब्लिंक (क्रोमचं), वेबकिट (सफारीचं) आणि गेको (फायरफॉक्सचं) या पान दाखवणाऱ्या तिन्ही इंजिनांत आलीये का ते बघा, नसेल तर तिच्याशिवायही पान चालेल अशी सोय करा, आणि स्पेसिफिकेशन, म्हणजे ते नियम लिहिलेला दस्तऐवज, वाचणं काही मजेचं काम नाही. क्लायंटला हे दिसतही नाही त्यामुळे त्याचे पैसे मागणं अवघड जातं. एक मात्र सांगतो, क्रोम नेहमी सगळ्यांच्या पुढेच असतो असं समजू नका. सीएसएसमधलं सबग्रिड (आतल्या चौकटी बाहेरच्या चौकटीच्या रेषांना जुळवायची सोय) फायरफॉक्समध्ये २०१९ ला आलं, सफारीत २०२२ ला, आणि क्रोममध्ये २०२३ ला.

पण माझं मत ज्याने पक्कं केलं ती गोष्ट अगदी बारीक आहे, तारखेची. एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगची साइट देखभालीसाठी माझ्याकडे आली, आधीच्यांनी ती फक्त क्रोमवर तपासून दिलेली. डेटाबेसमधून तारीख यायची ती "२०१९-०५-१४ १८:३०:००" अशी, मध्ये नुसती स्पेस, आणि ती तशीच उचलून जावास्क्रिप्टमध्ये तारीख ओळखणाऱ्या डेटला दिलेली. क्रोम ते समजून घ्यायचा. आयफोनवरच्या तेव्हाच्या सफारीत मात्र बुकिंगच्या जागी सरळ "इनव्हॅलिड डेट". आणि सफारीचं काही चुकत नव्हतं बरं का, स्टँडर्डप्रमाणे तारीख आणि वेळ यांच्यामध्ये टी हे अक्षर लागतं, त्याव्यतिरिक्त लिहिलेलं काही समजून घ्यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या ब्राउझरवर सोडलेलं आहे. ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांनी ॲडव्हान्स भरलाय आणि स्क्रीनवर तारीखच नाही, म्हणजे त्यांच्या जिवाची किती घालमेल होत असेल बघा. मॅनेजर बिचारे प्रत्येकाला फोनवर सांगायचे की काका, जरा क्रोममध्ये उघडून बघा. लोकांनी आयफोनवर क्रोम डाउनलोड करून बघितलं, तर त्यातही तेच! कारण आयफोनवरचं क्रोम बाहेरून क्रोम असलं तरी आत ॲपलचं वेबकिटच चालतं, ॲपलचा नियमच तसा आहे, युरोपियन युनियनमध्ये २०२४ ला त्यातून सूट मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणजे ज्या ब्राउझरच्या भरवशावर अख्खी साइट उभी केली तो समोरच्याच्या फोनमध्ये मुळात नव्हताच, आणि "क्रोममध्ये उघडा" हा जो एकच उपाय हातात होता तोही गेला. दुरुस्ती किती, तर एका अक्षराची. तेव्हापासून सगळे क्रोम वापरतात हे वाक्य मला पटत नाही.

आपल्या मराठीत तर हे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. २००० नंतरची काही वर्षं आठवा, बऱ्याच मराठी पेपरांच्या साइट्स युनिकोडऐवजी (म्हणजे सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत सोडून) आपापल्या फॉन्टमध्ये असायच्या आणि तो फॉन्ट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरायचा. तेव्हा एक्सप्लोररचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता, त्यामुळे तो निर्णय त्या वेळी कुणालाही शहाणपणाचाच वाटला असता. फायरफॉक्समध्ये मात्र तेच पान म्हणजे नुसती गिचमिड, पद्मा नावाचं एक्स्टेंशन टाकून वाचावं लागायचं, सर्चमध्ये तो मजकूर मराठी म्हणून सापडायचा नाही, कॉपी करून मेलमध्ये टाकला की समोरच्याला काही बोध नाही. पुढे एक्सप्लोररच गेला, २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने तो अधिकृतपणे बंद केला. जी पानं कुणी बदलून घेतली नाहीत ती आज कुठेच धड वाचता येत नाहीत. मराठी विकिपीडिया २००३ ला सुरू झाला तो युनिकोडमध्ये, त्याच्या त्या काळातल्या लेखांच्या आवृत्त्या आज कुठल्याही फोनवर सहज वाचता येतात. मला यात फार वाईट याचं वाटतं की गेलेल्या मजकुरात कितीतरी चांगलं लेखन असणार.

तरी एक अपवाद मानतो. मशीन तुमच्या ताब्यातलं असेल, उदाहरणार्थ व्यापाऱ्याच्या गाळ्यात वजनकाटा कॉम्प्युटरला जोडून आकडा थेट ब्राउझरमध्ये घ्यायचाय, तर वेब सिरियल, म्हणजे पानाला अशा जोडलेल्या यंत्राशी बोलू देणारी सोय, लागणार आणि ते सफारीत नाही, तिथे खुशाल क्रोम धरा, फक्त क्लायंटला तसं लेखी देऊन ठेवा. पण बाहेरची माणसं जिथे फॉर्म भरणार, पैसे भरणार, तिथे माझा कल स्टँडर्डकडेच राहील, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

मी सध्या पान आधी फायरफॉक्समध्ये उभं करतो, मग क्रोममध्ये बघतो, असं केलं की क्रोमने गुपचूप सांभाळून घेतलेल्या गोष्टी लवकर उघड्या पडतात. तारखा सर्व्हरवरूनच टी आणि +०५:३० (भारतीय वेळेची खूण) सकट पाठवतो. तारीख निवडायला बाहेरचं कॅलेंडर न लावता ब्राउझरचाच साधा डेट इनपुट वापरतो, मॅकवरच्या सफारीतही तो २०२१ पासून आहे. आणि काम सोपवायच्या आधी कुणाचा तरी आयफोन मागून घेतो आणि अख्खा फॉर्म पावती येईपर्यंत भरून बघतो.