वाट्याची जमीन की आडत्याची उचल?

रान करायचंय, पण हातात पैसा नाही. सोलापूरकडच्या लहान शेतकऱ्यापुढे मग बहुधा दोनच दारं उरतात.

पहिलं वाट्याचं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी अर्धेलीने केली, तर जमीन मालकाची, राबणं आपलं. बी-खत निम्मं-निम्मं, ज्वारीही निम्मी. भांडण होतं ते कडब्यावरून, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांवरून. दावणीला जनावरं असतील तर तो दाण्याइतकाच मोलाचा. पाऊस दगा देतो तेव्हा नुकसानही वाटलं जातं, हा मोठा आधार. पण सगळा व्यवहार तोंडी. कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणाऱ्या 1948 च्या कूळ कायद्याची धास्ती मालकाच्या मनात अजून आहे, त्यामुळे तो कागद करत नाही. कागद नाही म्हणून वाटेकऱ्याला बँकेचं पीककर्ज नाही, सातबाऱ्यावर नाव नाही.

दुसरं दार आडत्याचं, म्हणजे बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचं. कांदा लावायला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळते, तीही एका फोनवर, ना जामीन ना हेलपाटे. बँकेने हे कधी जमवलंय? मात्र माल त्याच्याच गाळ्यावर न्यायचा. भाव पडला तरी दुसरीकडे वळता येत नाही, आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येते ती हमाली, तोलाई, उचल वजा होऊन. कधी उलट आपल्याच अंगावर बाकी निघते. व्याज वेगळं दिसत नाही, ते या बांधिलकीतच मुरलेलं असतं.

माझं विचाराल तर कोरडवाहूला वाटा बरा. कांद्याला उचल घ्यावीच लागली, तर फक्त बियाण्यापुरती.